एकाच रेणूचे दोन उजेड

तुरीला शेंगा धरल्या की आमच्याकडे जागली सुरू होते. रानडुकरांचा कळप एका रात्रीत अर्धं वावर लोळवून जातो, त्यामुळे मचाणावर कुणीतरी लागतंच. शनिवारी कॉलेज सुटलं की मी काकांच्या सोबतीला जातो. तालुक्याच्या गावी अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवतो, पण रात्रीच्या वावरात काकांसमोर मी विद्यार्थीच.

माझ्याजवळ साध्या टॉर्चबरोबर एक अतिनील टॉर्चही असतो, दुकानदार नोटा तपासायला ठेवतात तसला. तो विंचवासाठी. धुऱ्यावरच्या दगडांवरून फिरवला की काळा विंचूसुद्धा हिरवट-निळा पेटल्यासारखा दिसतो, अगदी दहा पावलांवरून. त्याच्या कवचात बीटा-कार्बोलीन आणि कुमारीनच्या जातीची काही संयुगं असतात, त्यांची ही करामत. नुकतीच कात टाकलेला विंचू मात्र चमकत नाही. नवं कवच टणक होत गेलं की चमक येते.

"काहून चमकते बाप्पा हा इचू?" काकांनी विचारलं. मी सांगायला लागलो आणि मास्तरकीच्या भरात बोलून गेलो, "हा तर एकच उजेड देतो काका, काही रेणू एकाच वेळी दोन दोन उजेड देतात."

काका कांबळ्यातून उठून बसले. "एकाच चिजेचे दोन उजेड? थे कसं काय?"

त्या रात्री जे जमलं ते सांगितलं. इथे जरा नीट सांगतो.

आधी एक उजेड समजून घेऊ. रेणूवर प्रकाश पडला की त्याचा एक इलेक्ट्रॉन ऊर्जा घेऊन वरच्या पातळीवर जातो, म्हणजे रेणू मचाणावर चढतो. तिथे त्याला फार वेळ बसता येत नाही, सेकंदाचे अब्ज भाग केले तर त्यातले काही मोजके भाग, बस. तेवढ्यात तो थोडा थरथरतो, थोडी ऊर्जा उष्णतेच्या रूपात आजूबाजूला देऊन टाकतो आणि उरलेली प्रकाश म्हणून सोडत खाली उडी मारतो. चढला त्यापेक्षा उडी थोडी कमी उंचीची, म्हणून बाहेर पडणारा प्रकाशही कमी ऊर्जेचा, म्हणजे जास्त तरंगलांबीचा. आत अतिनील जातो, बाहेर निळा किंवा हिरवा येतो. याला फ्लुरोसन्स म्हणतात, मराठीत प्रतिदीप्ती. हे नाव 1852 मध्ये जॉर्ज स्टोक्स यांनी फ्लोरस्पार या खनिजावरून दिलं. त्यांनी हिवतापावरच्या क्विनाइनचं द्रावण सूर्याच्या वर्णपटात जांभळ्याच्या पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नाही अशा जागी धरलं, आणि ते निळं चमकलं.

आता पालकाची चार पानं चिरडा, स्पिरिटमध्ये भिजवा, गाळा आणि अंधारात त्या हिरव्या पाण्यावर अतिनील टॉर्च मारा. पाणी गर्द लाल दिसेल. माझ्या वर्गात याला दरवर्षी हमखास "अरे बाप रे" मिळतो. (पहिल्या वर्षी मिळाला नव्हता. माझा स्वस्तातला टॉर्च 395 नॅनोमीटर तरंगलांबीचा होता, त्याच्या स्वतःच्याच जांभळ्या उजेडात लाल बुडून गेला. 365 चा घ्या, आणि त्याच्या तोंडात डोळे घालून पाहू नका.) चमत्कार नुसता लाल रंगाचा नाही. हरितद्रव्यावर निळा प्रकाश टाका, लाल टाका नाहीतर अतिनील टाका, उत्तर लालच येतं. निळ्या प्रकाशाने रेणू मचाणाच्याही वरच्या फांदीवर जातो, पण तिथून उडी मारत नाही. तिथून तो सरसर घसरत आधी मचाणावर येतो. ही घसरण इतकी झटपट होते की वरून प्रकाश सोडायला सवडच मिळत नाही. अमेरिकेतले मायकेल काशा यांनी 1950 मध्ये हेच नियम म्हणून मांडलं: उडी सगळ्यात खालच्या उत्तेजित पातळीवरूनच. अपवाद आहेत, अझुलीन नावाचा निळा हायड्रोकार्बन वरच्या फांदीवरूनच उडी मारतो, पण असे आडमुठे रेणू थोडे.

या नियमाचा सरळ अर्थ असा, की एक रेणू, एक उजेड. म्हणूनच एखाद्या बाटलीतून दोन वेगळे उजेड आले की रसायनशास्त्रज्ञाला पहिली शंका येते भेसळीची. आणि दहातल्या नऊ वेळा शंका खरी निघते.

दहाव्या वेळची गोष्ट 1959 ची. जर्मनीत अर्न्स्ट लिपर्ट आणि त्यांचे सहकारी एका साध्या रेणूचा अभ्यास करत होते. नाव लांबलचक आहे, 4-डायमिथिलअमिनोबेंझोनायट्राइल. जगभर त्याला डीएमएबीएन म्हणतात, आपणही म्हणू. अणू एकूण 21. मध्ये बेंझीनचं षट्कोनी कडं, एका टोकाला इलेक्ट्रॉन द्यायला सदा तयार असा अमिनो गट, समोरच्या टोकाला इलेक्ट्रॉन ओढून घेणारा सायनो गट. एक टोक दाता, दुसरं घेता. हा रेणू हेक्झेनसारख्या तेलकट द्रवात टाकला तर सुमारे 350 नॅनोमीटरला एकच प्रकाश देतो, तोही अतिनील, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा. पण ॲसिटोनायट्राइलसारख्या ध्रुवीय द्रवात टाकला की त्या पहिल्याच्या जोडीला 480 च्या आसपास दुसरा, निळसर प्रकाश येतो. पदार्थ शुद्ध होता, तरी उजेड दोन.

लिपर्ट यांनी स्वतः याचं कारण दिलं ते असं, की मचाणं दोन आहेत, आणि द्रव बदलला की त्यातलं वरचं खाली येतं. ते पूर्ण पटेना. 1973 मध्ये वॉर्सॉत क्रिस्टिना रोटकिएविच, झ्बिग्न्येव ग्राबोव्स्की आणि त्यांच्या जर्मन सहकाऱ्याने वेगळीच कल्पना पुढे आणली: रेणू मचाणावर असताना वळतो.

वखर हाकलेल्या माणसाला हे लगेच समजेल. तास सरळ चाललेलं असतं, धुऱ्याशी आलं की जोडी वळवायची. डीएमएबीएनमधला अमिनो गट एरवी कड्याच्या पातळीतच पसरलेला असतो. प्रकाश घेतल्यावर तो साधारण काटकोनात वळतो, आणि वळता वळता एक इलेक्ट्रॉन जवळजवळ पूर्णपणे दात्याकडून घेत्याकडे जातो. एका टोकाला धन, दुसऱ्याला ऋण. आता आजूबाजूचा द्रव ध्रुवीय असेल, तर त्याच्या रेणूंनाही धन-ऋण टोकं असतात. घरात काही झालं की भावकी जमते तसे ते भोवती गोळा होतात, योग्य तोंड करून बसतात आणि या वळलेल्या रेणूला सांभाळून घेतात. त्यामुळे त्याची ऊर्जा खाली येते. तेलकट द्रवात अशी भावकीच नसते, म्हणून तिथे वळण्यात फायदा नाही आणि दुसरा उजेडही नाही.

एक गोष्ट बरेचदा सांगायची राहून जाते. मचाण खाली येतं हे खरं, पण खालची जमीनही वर येते! वळलेला आकार हा रेणूच्या शांत अवस्थेला न मानवणारा, तिथे त्याची ऊर्जा जास्त असते. म्हणजे मचाण खचलेलं आणि खाली कुटाराचा ढीग. दोन्हीकडून उडी आखूड. म्हणून दुसरा प्रकाश पहिल्यापेक्षा एवढ्या जास्त तरंगलांबीचा, अतिनीलमधून थेट निळ्यात सरकलेला.

हे खरं कशावरून? वॉर्सॉच्या मंडळींची युक्ती मला फार आवडते. त्यांनी या रेणूचे भाऊबंद घेतले. एकात अमिनो गट कड्याला अशा रीतीने बांधलेला, की त्याला वळताच येऊ नये. त्यातून फक्त पहिला, आखूड तरंगलांबीचा प्रकाश आला. दुसऱ्यात शेजारी मिथिल गट आडवे घालून अमिनो गट आधीच वळवून ठेवलेला. त्यातून मुख्यतः दुसरा. बैलाचा पाय बांधून पाहायचा, मग बैल वळवूनच उभा करायचा.

तरी वाद संपला नाही. गॉटिंगेनचे क्लास झाखारियासे कित्येक वर्षं सांगत राहिले की इलेक्ट्रॉन सरकतो हे मान्य, पण त्यासाठी वळायची गरज नाही, रेणू सपाट राहूनही ते करू शकतो. पुढची गणितं आणि अतिजलद लेसरचे प्रयोग बहुतांशी वळण्याच्या बाजूने गेले. 21 अणूंच्या एका रेणूवर शहाणी माणसं दशकानुदशकं भांडली, आणि त्या भांडणातूनच या शाखेचं अर्धं ज्ञान आलं. धुऱ्याच्या भांडणातून आमच्या गावात फक्त वकील मोठे झाले.

एकाच रेणूने दोन उजेड देण्याचा दुसरा मार्ग आणखी सोपा आहे, आणि त्याची बाटली तुमच्या घरात असायची शक्यता आहे. गुडघे दुखले की आई जो बाम चोळते, त्याचा तो झणझणीत वास मिथिल सॅलिसिलेटचा, म्हणजे गंधपुऱ्याच्या तेलाचा. या रेणूत ऑक्सिजनला जोडलेला एक हायड्रोजन असतो आणि अगदी शेजारी, हाताच्या अंतरावर, दुसरा ऑक्सिजन बसलेला असतो. प्रकाश पडला की पहिल्या ऑक्सिजनची पकड सैल होते, दुसऱ्याची ओढ वाढते आणि हायड्रोजनचा गाभा, म्हणजे प्रोटॉन, पलीकडे उडी घेतो. रेणू तोच, अणू तेवढेच, पण आता त्याचा बांधा वेगळा. जुन्या बांध्यातून येतो अतिनील प्रकाश, नव्यातून निळा. रेणू उडी मारून खाली आला की प्रोटॉन मुकाट आपल्या जागी परत. 1950 च्या दशकाच्या मध्यात जर्मनीच्या आल्बर्ट वेलर यांनी याचा उलगडा केला. प्रोटॉनची ही उडी सेकंदाच्या दहा लाख अब्ज भागांपैकी शंभरेक भागांत उरकू शकते. पापणी लवेपर्यंत म्हणणंही इथे आळशीपणाचं ठरेल.

याच जातीचा सगळ्यात लाडका रेणू म्हणजे 3-हायड्रॉक्सिफ्लेवोन. कांद्याच्या टरफलातलं क्वेर्सेटिन याच घराण्यातलं. 1979 मध्ये प्रदीप सेनगुप्ता आणि वर नियमवाले म्हणून आलेले तेच काशा यांनी दाखवलं की हा एकीकडे जांभळा आणि दुसरीकडे हिरवा असे दोन उजेड देतो. नियम मांडणाऱ्यानेच असा रेणू हाताळावा याची मला गंमत वाटते. नियम मात्र मोडत नाही, कारण प्रत्येक उडी त्या त्या बांध्याच्या खालच्या मचाणावरूनच होते. नंतर असंही दिसलं की अगदी कोरड्या हायड्रोकार्बन द्रवात हा रेणू फक्त हिरवा चमकतो. त्यात पाण्याचा किंवा अल्कोहोलचा लवलेश शिरला की जांभळा डोकावतो. पाण्याचा रेणू मध्ये येऊन प्रोटॉनला धरून बसतो आणि त्याची उडी हुकते. म्हणजे जांभळा उजेड हीच ओलाव्याची चहाडी.

तिसरा एक प्रकार आहे, पायरीन नावाच्या रेणूंचा. एकटा असेल तर जांभळट, आणि उत्तेजित असताना दुसरा पायरीन येऊन बिलगला तर निळा-हिरवा. फ्योर्स्टर आणि कास्पर यांनी 1954 मध्ये नोंदवला. पण हे जोडीचं काम, एकट्या रेणूचं नाही, म्हणून इथे नुसता उल्लेख.

तर काकांचा पुढचा प्रश्न, जो कुठल्याही शेतकऱ्याचा असतो: याचा उपयोग काय?

आमच्याकडे कपाशीच्या सहा-आठ ओळींनंतर एक-दोन ओळी तुरीच्या असतात. समजा यंदा कापूस कमी आला. का कमी आला? नुसत्या कापसाच्या आकड्यावरून सांगता येत नाही. पाऊस दगा देऊन गेला असेल, जमीन हलकी असेल, नाहीतर गुलाबी बोंडअळी लागली असेल. पण शेजारच्या तुरीकडे पाहा. तूरही तितकीच घसरली असेल तर बहुधा पाऊस. तूर जशीच्या तशी आणि कापूसच बसला असेल तर बोंडं फोडून पाहा. एकाच वावरात, एकाच पावसात उभी असलेली तूर ही तुमची मोजपट्टी होते.

दोन उजेडांचं बळ नेमकं इथे आहे. एकाच रंगात चमकणारा पदार्थ पेशीत सोडला आणि उजेड मंद दिसला, तर कारण काय समजायचं? पदार्थ कमी पोचला, दिवा म्हातारा झाला, नमुना गढूळ आहे, की खरोखरच आत काही बदललं? पण एकच रेणू दोन रंग देत असेल तर दिवा मंद झाल्यावर दोन्ही सारखेच मंद होतात. त्यांचं एकमेकांशी प्रमाण टिकून राहतं. प्रमाण बदललं तरच समजायचं की रेणूच्या भोवतालात काही घडलंय. शिवाय दोन वेगळे पदार्थ मिसळून हे करायला गेलं तर एक लवकर विटतो, एक पेशीत खोल जातो, दुसरा बाहेर राहतो. इथे दोघं एकाच घरचे, ती कटकट नाही.

मग असा रेणू काय काय सांगतो? डीएमएबीएनसारखा वळणारा असेल तर भोवतालचा घट्टपणा. पावसाळ्यात काळ्या मातीत जोडी वळवून पाहा, पाय रुततात, वळेपर्यंत जीव जातो. घट्ट द्रवात रेणूचंही तेच. त्या काही अब्जांश सेकंदांत त्याचं वळणं पुरं होत नाही, तो आधीच्याच उंचीवरून उडी मारतो आणि पहिला उजेड वाढतो. पातळ द्रवात वळणं सोपं, दुसरा उजेड वाढतो. दोन रंगांच्या प्रमाणावरून पेशीच्या आतला घट्टपणा वाचता येतो, जिथे कुठलंही उपकरण घुसवता येत नाही.

3-हायड्रॉक्सिफ्लेवोनच्या भाऊबंदांचा सगळ्यात नेटका उपयोग मला पेशीच्या पापुद्र्यावरचा वाटतो. आंद्रे क्लिमचेन्को आणि अलेक्झांडर डेमचेन्को या संशोधकांनी या कामात पुष्कळ भर घातलीय. पेशीभोवतीचा पापुद्रा दोन थरांचा असतो आणि निरोगी पेशीत दोन्ही थरांतले स्निग्ध रेणू वेगवेगळे ठेवलेले असतात. पेशी ठरवून मरायला लागली की ही मांडणी विस्कटते. पेशी बाहेरून अजून धडधाकट दिसत असते, पण बाहेरच्या थरात रुतवलेल्या रंगाच्या दोन उजेडांचं प्रमाण बदललेलं असतं. कर्करोगावरचं औषध पेशी मारतंय का, हे प्रयोगशाळेत लवकर पाहायचं तर अशी खूण कामाची.

पांढऱ्या उजेडाचाही मोह आहेच. आपल्या घरातला एलईडी बल्ब निळा चिप आणि त्यावर पिवळा लेप लावून पांढरा करतात. एकच रेणू निळा आणि नारिंगी असे दोन्ही देऊ लागला, तर तो एकटाच पांढरा दिसेल. असे रेणू बनलेही आहेत. दुकानात बल्ब म्हणून यायला मात्र निकष वेगळे असतात, किती चमकतो, किती टिकतो, किती पैसे. तिथे अजून मजल बाकी आहे.

प्रोटॉनच्या उडीचा एक चुलतभाऊ मात्र केव्हाच शेतात पोचलाय. पॉलीहाऊसचा पारदर्शक कागद उन्हाने लवकर फाटू नये म्हणून प्लास्टिकमध्ये अतिनील शोषणारी संयुगं घालतात. त्यातली काही हायड्रॉक्सिबेंझोफिनोनच्या जातीची. अतिनील किरण घेतला की त्यांच्यातही प्रोटॉन उडी मारतो, पण खाली येताना प्रकाश जवळजवळ नाहीच, सगळी ऊर्जा निमूट उष्णतेत जाते. प्लास्टिक वाचतं. उजेड न देणं हेच त्यांचं काम.

शेवटी थोडी सावधगिरी, कारण दोन रंग दिसले की दुहेरी फ्लुरोसन्स म्हणण्याची घाई माझ्या विद्यार्थ्यांनीच नाही तर मीही केली आहे. वायगावच्या हळदीतलं कुरकुमिन सायक्लोहेक्झेनसारख्या द्रवात निळ्याकडे झुकतं आणि अल्कोहोलमध्ये पिवळसर-हिरवं चमकतं. पण एका बाटलीत रंग एकच. तो द्रवानुसार सरकला, दोन झाले नाहीत. शेंगदाण्यावर किंवा सरकीच्या ढेपेवर बुरशी चढली की अफ्लाटॉक्सिन तयार होतं, त्याच्या बी आणि जी या जातींची नावंच मुळी इंग्रजीतल्या निळ्या आणि हिरव्या रंगांच्या आद्याक्षरांवरून पडली. दोन रंग आहेत, पण दोन वेगळे रेणू आहेत. आणि नागपुरी संत्र्यासारख्या फळांची साल दुखावली की तिथले तेलातले पदार्थ अतिनील प्रकाशात चमकतात, त्यावरून परदेशातल्या पॅकिंग केंद्रांत सडकी फळं बाजूला काढतात. तिथे एकाच उजेडावर भागतं.

हे सगळं संपेपर्यंत चंद्र मावळतीला आला होता. पलीकडच्या वावरात कुणीतरी डबा वाजवला, डुकरं आली असावीत. काकांनी विडी विझवली.

"मंग ह्या इचवाचे उजेड किती?"

"विंचवाचा एकच, काका."

"एकच?" काकांनी कांबळं पुन्हा डोक्यावरून घेतलं. "मंग तू रातभर दोन दोन काय करून राह्यला बे? टॉर्च मार तिकडं, तूर खाऊन राह्यले थे."